वाचकांचे प्रश्न : आकाशातले कण, खाणीतली यंत्रे

मागच्या अंकातल्या वैश्विक किरणांवरच्या लेखात, या विषयातले काही महत्त्वाचे प्रयोग खोल खाणींमध्ये झाले, असा ओझरता उल्लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत 'खाणीतच का?' हाच प्रश्न आहे. सुरुवात त्याच प्रश्नापासून करतो.

प्रश्न : वैश्विक किरण आकाशातून येतात. मग ते पाहायला शास्त्रज्ञ डोंगरावर जायचे सोडून जमिनीखाली का उतरतात? (शिक्षिका, सांगली)

दोन्हीकडे जावे लागते. काय पाहायचे आहे त्यावर जागा ठरते. अवकाशातून येणारे मूळ कण म्हणजे बहुतांश प्रोटॉन, काही हेलियमची केंद्रके आणि थोडी त्याहून जड केंद्रके. साधारण १५ ते २० किलोमीटर उंचीवर ते हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या केंद्रकांवर आदळतात आणि तिथून नव्या कणांचा वर्षाव खाली येतो. हा वर्षाव पाहायचा तर उंचावर जायचे. व्हिक्टर हेस ७ ऑगस्ट १९१२ रोजी बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर गेले. उंचीबरोबर हवेचे आयनीभवन (अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटणे) वाढत जाते हे त्यांनी मोजले, तेव्हाच या किरणांचा उगम वर आहे हे ठरले.

आपल्यापर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीपर्यंत, जे पोहोचतात ते मुख्यतः म्यूऑन. इलेक्ट्रॉनसारखाच विद्युतभारित, पण त्याच्या सुमारे २०७ पट जड असा हा कण. आडव्या ठेवलेल्या दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक म्यूऑन पडतो. पसरलेल्या तळहातातून सेकंदाला एक-दोन जातात. एक चौरस मीटरचा हिशेब केला तर दिवसाला जवळजवळ दीड कोटी.

आता समजा तुम्हाला न्यूट्रिनो, म्हणजे विद्युतभार नसलेला आणि पदार्थातून बहुधा न अडता जाणारा कण, पकडायचा आहे आणि यंत्र कितीही मोठे केले तरी वर्षाला मोजक्याच घटना मिळणार आहेत. त्या मोजक्या नोंदी रोजच्या दीड कोटी म्यूऑनमधून निवडणे जवळपास अशक्य. म्हणून यंत्रावर खडक घ्यायचा. म्यूऑन खडकातून जाताना आयनीभवनामुळे दर मीटरला साधारण अर्धा गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जा गमावतो. समुद्रसपाटीवरच्या म्यूऑनची सरासरी ऊर्जा ४ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे सर्वसाधारण म्यूऑन आठ-दहा मीटर खडकातच थांबतो. खोल जातात ते थोडे, जबर ऊर्जेचे. ऊर्जा काहीशे गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर गेली की आयनीभवनाखेरीज दुसरा ब्रेकही लागतो. खडकातल्या केंद्रकांजवळून जाताना म्यूऑन प्रारणाच्या रूपात ऊर्जा टाकू लागतो, आणि हा ऱ्हास ऊर्जेच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे एक किलोमीटर खडक ओलांडायला म्यूऑनकडे सुरुवातीलाच सुमारे एक हजार गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात.

परिणाम किती होतो तो पाहा. इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेवर १,४०० मीटर खडक आहे. तिथे चौरस मीटरला तासाला साधारण एक म्यूऑन येतो, म्हणजे वरच्या संख्येचा दहा लाखांतला एकदोन भाग. कॅनडात सडबरीच्या निकेल खाणीत दोन किलोमीटर खाली तर चौरस मीटरला तीन-चार दिवसांतून एखादा. न्यूट्रिनोला मात्र एवढा खडक काय, सगळी पृथ्वीसुद्धा फारशी आडवी येत नाही. म्हणून डोक्यावरचा खडक हा यंत्राचाच पहिला भाग मानायचा. त्याची जाडी, घनता आणि वरच्या डोंगराचा आकार हे सगळे यंत्राच्या इतर भागांइतक्याच काळजीने मोजले जाते.

वेगवेगळ्या खाणींची तुलना करताना खोली 'पाण्याच्या मीटरमध्ये' सांगतात. खडकाची खोली गुणिले घनता, एवढेच गणित. २.९ घनतेचा १०० मीटर बसॉल्ट म्हणजे २९० मीटर पाणी.

प्रश्न : म्यूऑनचे आयुष्य २.२ मायक्रोसेकंद असे वाचले. प्रकाशाच्या वेगानेही तेवढ्या वेळात तो ६६० मीटरच जाईल. मग १५ किलोमीटरवरून जमिनीवर, शिवाय खाणीतही कसा पोहोचतो? (अकरावी, नाशिक)

तुमचा हिशेब बरोबर आहे, फक्त तो स्थिर म्यूऑनसाठी आहे. वेगाने जाणाऱ्या कणाचे घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालते. किती मंद, ते ऊर्जा भागिले वस्तुमान असे काढता येते. म्यूऑनचे वस्तुमान, ऊर्जेच्याच एककात, १०६ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट (हजार मेगा म्हणजे एक गिगा). ऊर्जा ४ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल तर गुणोत्तर सुमारे ३८, म्हणजे ६६० मीटरचे जवळजवळ २५ किलोमीटर झाले. खाणीत पोहोचणाऱ्या म्यूऑनसाठी हे गुणोत्तर हजारांत असते. त्यांच्या बाबतीत आयुष्य ही अडचणच नाही, ऊर्जा पुरते की नाही एवढाच प्रश्न. या कणाचा क्षय म्हणजे सापेक्षतेतल्या घड्याळाची थेट चाचणी ठरेल, हे होमी भाभांनी १९३८ मध्येच लिहून ठेवले होते. म्यूऑनचा शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

प्रश्न : कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टीआयएफआरने नेमके काय केले? 'जगात पहिले' असे काही ठिकाणी लिहिलेले दिसते. ते खरे का? (निवृत्त अभियंता, ठाणे)

या प्रश्नाला जागा देणे आम्हाला आवडेल, कारण कोलारचे काम जगाच्या तोडीचे होते आणि त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिले गेले आहे.

सुरुवात १९५१ ची. टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) तेव्हा कुलाब्याच्या आजच्या आवारात आलेली नव्हती. भाभांच्या सांगण्यावरून बी. व्ही. श्रीकांतन यांनी कोलारच्या खाणीत म्यूऑन मोजायला सुरुवात केली. आधी काहीशे मीटर खोलीपर्यंत, आणि पुढच्या दशकात अधिक मोठी यंत्रे घेऊन आणखी खाली. प्रत्येक पातळीवर तेच यंत्र लावायचे, पुरेशा नोंदी जमल्या की पुढच्या पातळीवर न्यायचे. अशाने खोली आणि म्यूऑनची संख्या यांचा जो आलेख तयार झाला, तो पुढे जगभर वापरला गेला. २,७६० मीटर खोलीवर, म्हणजे ८,४०० मीटर पाण्याइतक्या आच्छादनाखाली (कोलारचा खडक जड आहे, घनता तीनच्या थोडी वर), सुमारे दोन महिन्यांत एकही म्यूऑन नोंदला गेला नाही.

या शून्य नोंदीनेच पुढचा प्रयोग शक्य केला. वैश्विक किरणांच्या वर्षावात म्यूऑनबरोबर न्यूट्रिनोही तयार होतात. हे वातावरणीय न्यूट्रिनो तोवर कुणी पाहिले नव्हते. वरून येणारे म्यूऑन जिथे संपतात, तिथे न्यूट्रिनोची चाहूल लागण्याची आशा होती. टीआयएफआर, इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ आणि जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ यांनी मिळून १९६५ मध्ये चॅम्पियन रीफ खाणीत २.३ किलोमीटर खोलीवर, सुमारे ७,००० मीटर पाण्याइतक्या आच्छादनाखाली, यंत्रे बसवली. भारतीय बाजूला एम. जी. के. मेनन, पी. व्ही. रमणमूर्ती, व्ही. एस. नरसिंहम ही मंडळी होती. जपानच्या बाजूला एस. मियाके आणि ब्रिटनच्या बाजूला ए. डब्ल्यू. वुल्फेंडेल होते.

त्यांची युक्ती भूमितीची होती. एवढ्या खोलीवर जे थोडे वातावरणीय म्यूऑन उरतात ते जवळजवळ उभेच येतात. तिरके यायचे तर जास्त खडक ओलांडावा लागतो. उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन झाला की तो दुप्पट होतो, आणि तेवढी ऊर्जा क्वचितच कुणाकडे असते. न्यूट्रिनो मात्र सर्व दिशांनी सारखेच येतात. एखादा न्यूट्रिनो खाणीच्या भिंतीतल्या खडकावर आदळला तर तिथे तयार होणारा म्यूऑन साधारण त्याच दिशेने पुढे जातो. म्हणजे आडवा जाणारा म्यूऑन दिसला की तो न्यूट्रिनोतून आलेला. म्हणून त्यांनी प्लास्टिक सिंटिलेटरच्या (कण गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या) भिंती उभ्या केल्या, आडव्या पसरल्या नाहीत. दोन भिंतींत एकाच वेळी चमक झाली तरच ती घटना धरायची. भिंतींच्या मध्ये निऑन भरलेल्या फ्लॅश नळ्यांचे थर आणि शिशाचे पत्रे होते. कण गेला की त्याच्या वाटेवरच्या नळ्या उजळायच्या आणि कॅमेरा त्याचा फोटो घ्यायचा. कोन फोटोवरून मोजायचा.

आता 'पहिले' या शब्दाबद्दल. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या ईस्ट रँड खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गट हाच शोध घेत होता. त्यांची पहिली घटना २३ फेब्रुवारी १९६५ ची, कोलारची त्यानंतरची. पण कोलारचा शोधनिबंध १५ ऑगस्ट १९६५ रोजी छापून आला आणि राइन्स यांचा ३० ऑगस्टला. घटना आधी त्यांनी नोंदली, प्रसिद्धी आधी कोलारला मिळाली. दोन्ही गट स्वतंत्रपणे तिथे पोहोचले, एवढे म्हणणे न्याय्य ठरेल.

पुढे १९८० च्या सुमारास तिथेच १४० टनांचे लोखंडी यंत्र उभे राहिले. लोखंडाचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये गॅसने भरलेल्या प्रपोर्शनल काउंटर नळ्यांचे थर, असे त्याचे रूप. प्रोटॉन स्वतःहून विघटित होतो का, हे पाहायचे होते. कोलारच्या गटाने काही संशयित घटना मांडल्या, पण नंतरच्या कितीतरी मोठ्या यंत्रांना तसे काही आढळले नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग थांबले आणि २००१ मध्ये खाणच बंद झाली. उपसा थांबला की खोल पातळ्या पाण्याखाली जातात. ती जागा हातची गेली याची हळहळ वाटते.

प्रश्न : सिंटिलेटर म्हणजे नक्की काय, आणि त्यात बिघाड कुठे होतो? आमच्या महाविद्यालयात एक जुना संच आहे. तो सतत मोजतच राहतो. (पदार्थविज्ञान विभाग, कोल्हापूर जिल्हा)

प्लास्टिक सिंटिलेटर ही पॉलिस्टायरीन किंवा पॉलिव्हिनिल टोल्यूइनची पारदर्शक पट्टी असते, त्यात प्रदीप्त होणारी द्रव्ये मिसळलेली असतात. म्यूऑन त्यातून जाताना दर सेंटीमीटरला साधारण २ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा सोडतो आणि त्यातून सुमारे २०,००० निळे फोटॉन काही नॅनोसेकंदांत बाहेर पडतात. हा प्रकाश पट्टीच्या कडेला बसवलेल्या फोटोमल्टिप्लायर नळीकडे जातो. नळी एका इलेक्ट्रॉनचे दहा लाख ते एक कोटी इलेक्ट्रॉन करते आणि मोजता येण्याजोगा स्पंद तयार होतो.

'सतत मोजतच राहतो' हे लक्षण बहुतेक वेळा प्रकाशगळतीचे असते. सिंटिलेटरवर आधी परावर्तक थर (टायव्हेक किंवा ॲल्युमिनियमचा पातळ कागद) आणि त्यावर काळा कागद व काळी टेप असते. टेपचा गोंद वर्षांनी सुकतो आणि कोपरे उघडतात. तपासणी अशी करा. खोलीत अंधार करून मोजणी घ्या, मग दिवा लावून घ्या. फरक पडला तर गळती आहे. संच जाड काळ्या कापडाने झाका आणि कापड एकेका कोपऱ्यावरून उचलत जा. ज्या कोपऱ्याला मोजणी उसळेल तिथे नवी टेप. तपासणीला तेज दिवा नको. नळीवर उच्च विद्युतदाब चालू असताना खोलीतला उजेड थेट आत शिरला तर नळी कायमची निकामी होते. गुंडाळणी उघडायची असेल तर आधी दाब बंद करा, आणि पुन्हा झाकल्यावर काही तास अंधारात ठेवल्याशिवाय मोजणी खरी धरू नका. उजेड खाल्लेली नळी बराच वेळ खोटे स्पंद देते.

अंधारातही मोजणी जास्तच राहिली तर दाब पाहा. दोन सिंटिलेटर एकावर एक ठेवा, दोन्हींतून एकाच वेळी आलेले स्पंदच मोजा आणि एकाचा दाब २५-२५ व्होल्टने वाढवत आलेख काढा. सुरुवातीला जुळण्या वाढतील, मग आलेख सपाट होईल, त्यानंतर पुन्हा चढेल. सपाट भागाच्या सुरुवातीपासून थोडे पुढे दाब ठेवायचा. जुन्या संचांत लोक तो नेहमी जास्त ठेवतात, कारण मोठा आकडा पाहून यंत्र चांगले चालले आहे असे वाटते. ती वाढ नळीच्या स्वतःच्या गोंधळाची असते.

उलट तक्रार, म्हणजे स्पंद फार लहान असतील, तर नळी आणि पट्टीमधले ऑप्टिकल ग्रीस सुकून हवेचे बुडबुडे झालेले असतात. जुने ग्रीस पुसून नवा पातळ थर द्या. पट्टी ॲसिटोनने कधीही पुसू नका. पृष्ठभागावर बारीक चिरांचे जाळे पडते आणि प्रकाश तिथेच अडकतो. उघड्या बोटांचे तेलही कालांतराने हेच करते, म्हणून हातमोजे घालूनच हाताळा. कोल्हापुरासारख्या ठिकाणी पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. दमटपणामुळे उच्च दाबाच्या जोडण्यांवरून प्रवाह गळतो आणि खोटे स्पंद येतात. जोडण्या स्वच्छ करून कोरड्या हवेत ठेवल्या की मोजणी खाली आली, तर कारण तेच.

प्रश्न : खडकातही युरेनियम, थोरियम असतेच. मग खडकाखाली गेल्याने किरणोत्सार वाढत नाही का? (वाचक, चंद्रपूर)

वाढतो. म्यूऑन कमी होतात, पण भिंतींतून गॅमा किरण आणि न्यूट्रॉन येतात आणि फटींतून रेडॉन वायू बाहेर पडतो. खडकाचा प्रकारही महत्त्वाचा: आपल्या दख्खनच्या बसॉल्टमध्ये ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम बरेच कमी असते. रेडॉनचा अर्धायुकाल ३.८ दिवस. तेवढ्यात तो हवेतून यंत्रापर्यंत पोहोचतो आणि त्याच्या क्षयातून तयार होणारे शिशाचे किरणोत्सारी रूप पृष्ठभागावर बसते. म्हणून अशा प्रयोगशाळांत हवा सतत खेळती ठेवतात, आणि सर्वांत नाजूक भागाभोवती शुद्ध नायट्रोजन सोडतात.

गॅमा अडवायला शिसे वापरतात, पण ताजे शिसे स्वतःच किरणोत्सारी असते. धातुकाच्या संगतीने त्यात शिसे-२१० येते, त्याचा अर्धायुकाल २२ वर्षे. ग्रान सास्सोच्या एका प्रयोगाने यावर जो उपाय केला तो आम्हाला फार आवडतो. सार्डिनिया बेटाजवळ बुडालेल्या, दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन जहाजातल्या शिशाच्या विटा त्यांनी मिळवल्या. इतक्या काळात शिसे-२१० उरलेले नाही. विटांवरचे रोमन शिक्के कापून संग्रहालयासाठी जपले आणि उरलेले शिसे वितळवून कवच केले.

प्रश्न : जपानच्या सुपर-कामिओकांडेमध्ये एक नळी फुटून हजारो नळ्या फुटल्या असे ऐकले. एवढी साखळी कशी लागली? (डोंबिवली)

डोंगराखाली एक किलोमीटर खोलीवर ५०,००० टन पाण्याची टाकी आहे, व्यास ३९ मीटर, उंची ४१ मीटर. भिंतींवर अर्धा मीटर व्यासाच्या ११,००० हून अधिक फोटोमल्टिप्लायर नळ्या आहेत. न्यूट्रिनोने पाण्यात निर्माण केलेल्या कणाचा मंद निळा चेरेन्कोव्ह प्रकाश त्या टिपतात. १९९८ मध्ये न्यूट्रिनो प्रवासात आपले रूप बदलतात हे याच यंत्राने दाखवले, आणि ते वातावरणीय न्यूट्रिनोंवरूनच, म्हणजे कोलारला पहिल्यांदा दिसले त्याच प्रकारच्या.

१२ नोव्हेंबर २००१ रोजी, दुरुस्तीनंतर टाकी पुन्हा भरत असताना तळाजवळची एक नळी फुटली. नळीच्या आत निर्वात पोकळी, बाहेर ३० मीटर पाण्याचा दाब. काच फुटताच पाणी चहूबाजूंनी आत धावले, मध्यभागी आदळले आणि त्यातून धक्कालहर निघाली. पाणी दाबले जात नसल्याने लहर जोर न गमावता शेजारच्या नळ्यांपर्यंत गेली. त्या फुटल्या, त्यांनी आपापल्या लहरी सोडल्या. काही सेकंदांत साडेसहा हजारांहून अधिक नळ्या गेल्या. पुढच्या वर्षी उरलेल्या नळ्या विरळ मांडून काम सुरू झाले. तेव्हापासून प्रत्येक नळीवर समोर ॲक्रिलिक आणि मागे फायबर-प्रबलित प्लास्टिकचे कवच असते. कवचाला बारीक छिद्रे आहेत. नळी फुटली तर पाणी त्यांतून हळू आत जाते आणि धक्का तयार होत नाही.

प्रश्न : उटीच्या ग्रेप्स-३ ला वादळाचा विद्युतदाब कसा मोजता आला? (पुणे)

ग्रेप्स-३ हा उटीचा वैश्विक किरणांचा प्रयोग. तिथे २,२०० मीटर उंचीवर ५६० चौरस मीटरचा म्यूऑन डिटेक्टर आहे, वर दोन मीटर काँक्रीट. तो दिवसरात्र म्यूऑन मोजतो, दिशेसह. ढगांतल्या विद्युतक्षेत्रातून जाताना म्यूऑनची ऊर्जा बदलते आणि काँक्रीट ओलांडू शकणाऱ्यांची संख्या थोडीशी हलते. १ डिसेंबर २०१४ च्या वादळातल्या अशा हालचालीवरून ढगातला विद्युतदाब सुमारे १.३ अब्ज व्होल्ट निघाला. २०१९ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

प्रश्न : तामिळनाडूतल्या न्यूट्रिनो वेधशाळेचे काय झाले? (वाचक, बेळगाव)

थेनी जिल्ह्यात डोंगराखाली, सर्व बाजूंनी किमान एक किलोमीटर खडक राहील अशा पोकळीत ५०,००० टनांचे चुंबकित लोखंडी यंत्र बसवायचे होते. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्यानंतर पर्यावरण व वन्यजीव परवानग्या आणि स्थानिक विरोध यांत काम अडकले. त्याच रचनेचे ८५ टनांचे छोटे रूप मदुराईला चालते, पण ते जमिनीवर आहे. तंत्र तपासायला पुरेसे, न्यूट्रिनोसाठी नाही.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी वैश्विक किरण दाखवता येतील का? खर्च बेताचा हवा. (नववी व दहावीचे विद्यार्थी, सातारा)

नक्की. क्लाउड चेंबर करा. लागते ते असे: काचेची किंवा पारदर्शक प्लास्टिकची १५ ते २० सेंटीमीटर बाजूची पेटी, तळाला काळी रंगवलेली ॲल्युमिनियमची प्लेट, पेटीच्या छताला आतून चिकटवलेली जाड फेल्टची पट्टी, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन-तीन किलो ड्राय आइस आणि एक तेज एलईडी टॉर्च.

फेल्ट अल्कोहोलने चिंब करा, पण थेंब गळता कामा नयेत. पेटी प्लेटवर ठेवून कड टेपने बंद करा. थर्मोकोलच्या ट्रेमध्ये ड्राय आइस कुटून सपाट पसरा आणि त्यावर प्लेट दाबून ठेवा. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, प्लेटला लगटून मारा. दहा-पंधरा मिनिटे फक्त बारीक पाऊस दिसेल. मग प्लेटच्या वर एक-दोन सेंटीमीटरच्या थरात रेषा उमटू लागतील. लांब, सरळ, बारीक रेषा म्यूऑनच्या. वेड्यावाकड्या इलेक्ट्रॉनच्या. आखूड, जाड रेषा हवेतल्या रेडॉनमधून आलेल्या अल्फा कणांच्या.

अपयशाचे पहिले कारण बहुधा अल्कोहोल असते. औषधाच्या दुकानात ७० टक्क्यांचे मिळते, त्यातल्या पाण्याने धुके होते, रेषा नाही. रसायने विकणाऱ्या दुकानातून एआर ग्रेडचे (प्रयोगशाळेसाठीचे शुद्ध) घ्या. दुसरे कारण हवेची गळती: पेटीत वारा असेल तर थर टिकत नाही. तिसरे, प्लेट आणि ड्राय आइसमध्ये राहिलेल्या फटी. चौथे, टॉर्च वरून मारणे.

ड्राय आइस उणे ७८ अंशांचा असतो, उघड्या हाताने धरू नका. बंद बाटलीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही ठेवू नका, डबा फुटतो. खोलीची खिडकी उघडी ठेवा. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, जवळ शेगडी किंवा उदबत्ती नको. शिक्षकांनी शेजारी उभे राहावे.

प्रश्न : गीगर नळीने म्यूऑन वेगळे मोजता येतात का? घाटातल्या बोगद्यात नेऊन घट दाखवायची कल्पना आहे. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, रत्नागिरी)

एका नळीने नाही. एसबीएम-२० सारख्या नळीची मोजणी मिनिटाला वीसच्या आसपास असते आणि त्यातला मोठा भाग भिंतीतल्या गॅमा किरणांचा. दोन नळ्या घ्या. एकीवर एक, समांतर, तीन सेंटीमीटर अंतरावर. प्रत्येकीला ४०० व्होल्ट आणि ॲनोडला ५ मेगाओहमचा स्वतंत्र रोध. दोन्हींचे स्पंद १०० मायक्रोसेकंद रुंदीचे करून अँड गेटला द्या. गॅमा किरण सहसा एकाच नळीत नोंद करतो, म्यूऑन दोन्ही पार करतो. जुळण्या मिनिटाला साधारण एक मिळायला हव्यात.

याहून खूप जास्त मिळाल्या तर एका नळीचा स्पंद दुसरीच्या वायरीत शिरतो आहे. चाचणी सोपी आहे: नळ्या जमिनीला समांतर एकमेकींपासून एक मीटर दूर करा. जुळण्या जवळजवळ थांबल्या पाहिजेत. थांबल्या नाहीत तर दाबाचा पुरवठा वेगळा करा किंवा प्रत्येक नळीपाशी फिल्टर कपॅसिटर लावा, आणि वायरींना फॉइलचे कवच द्या. दुसरी चाचणी, जोडी ९० अंशांत फिरवून नळ्या शेजारी-शेजारी आणा. आडवे म्यूऑन फार कमी असतात, जुळण्या स्पष्ट घटायला हव्यात. दाबाचे कपॅसिटर बंद केल्यावरही चटका देतात. हात घालण्याआधी रोधातून ते रिकामे करा.

आता घट. इमारतीचा १५ सेंटीमीटरचा स्लॅब म्हणजे जेमतेम ३६ सेंटीमीटर पाणी. दहा मजल्यांच्या तळघरात ३.६ मीटर पाणी, ढोबळमानाने पाव ते तिसरा भाग घट. ती ठामपणे दाखवायला हजारभर जुळण्या तरी हव्यात, म्हणजे दोन्हीकडे दिवसभर मोजणी. हजार नोंदींवर चूक तीन टक्के. त्याच दिवसांचा हवेचा दाबही लिहून ठेवा. दाब वाढला की म्यूऑन किंचित घटतात, दर हेक्टोपास्कलला ०.१ ते ०.२ टक्के. तळघरासाठी हा परिणाम छोटा, पण महिनाभराच्या आलेखात तो दिसतो.

बोगद्याचे प्रकरण वेगळे. डोक्यावर १०० मीटर बसॉल्ट असेल तर हजारात एक-दोनच म्यूऑन उरतात. तुमच्या वरच्या रोजच्या १,४०० ते १,९०० जुळण्यांच्या जागी दिवसाला दोन-चार. आणि दोन नळ्यांच्या खोट्या जुळण्या, म्हणजे दोन असंबद्ध नोंदी योगायोगाने १०० मायक्रोसेकंदांत येणे, याही दिवसाला साधारण दोन निघतात: २ × ०.०००१ × ०.३३ × ०.३३ प्रतिसेकंद. म्हणजे खरे आणि खोटे जवळपास सारखेच. हिशेब न करता मोजले तर बोगद्यात म्यूऑन आहेत त्याच्या दुप्पट वाटतील. स्पंदाची रुंदी २० मायक्रोसेकंदांवर आणली तर खोट्या जुळण्या पाच पटींनी घटतात. तिसरी नळी खाली लावून तिन्हींची जुळणी घेतली तर त्या वर्षातून एकही यायच्या नाहीत, मात्र खऱ्या जुळण्याही भूमितीमुळे थोड्या कमी होतील. तिसरी नळी लावा, बाहेर आणि आत एकाच मांडणीने मोजा आणि आतली मोजणी निदान आठवडाभर चालू ठेवा. वाहता बोगदा यासाठी चालणार नाही. पाटबंधारे किंवा जलविद्युत प्रकल्पाच्या वापरात नसलेल्या प्रवेश बोगद्यासाठी महाविद्यालयामार्फत लेखी परवानगी मागा.